सतरा नंबरचं डोकं

ज्ञानदेवरावांनी आयुष्यात एक काम अगदी मनापासून केलं होतं, ते म्हणजे लोकांना परत पाठवणं. वाघोलीच्या एका कॉलेजात ते मुख्य कारकून होते आणि तीस वर्षांत त्यांच्या खिडकीवर पहिल्या फेरीत काम झालेला विद्यार्थी कुणाच्या पाहण्यात नव्हता. फोटो आहे, पण त्यावर सही अर्धीच आलीय. सही पूर्ण आलीय, पण शाई निळी आहे. अशा माणसावर एक दिवस स्वतः अर्ज लिहायची वेळ आली हे कळलं असतं, तर कॉलेजातल्या मुलांनी पेढे वाटले असते. सुदैवाने ती बातमी वाघोलीपर्यंत पोचली नाही.

झालं असं, की ज्ञानदेवरावांच्या आईचा, मुक्ताबाईंचा, उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी डाव्याचीही मुदत सांगितली. पाच-सहा महिने, फार तर दिवाळीपर्यंत. मुक्ताबाईंचं वय ब्याऐंशी. खराडीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या चाचपून जागेवर ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "ज्ञानू, समदा अंधार व्हायच्या आत मला एकदा त्येंचं तोंड बघायचंय. तरणेपणीचं."

त्येंचं म्हणजे भैरूचं. भैरू हे ज्ञानदेवरावांचे वडील, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणत, आणि त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. मुक्ताबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. अडचण अशी, की तरुणपणीच्या आण्णांचा फोटो नव्हताच. लग्नात फोटोग्राफर नव्हता. पुढे एकच फोटो निघाला तो मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात आण्णा पोलिसांना हवे असल्यासारखे दिसत होते. तो फोटो डोळ्याशी धरून मुक्ताबाई म्हणायच्या, ह्यो म्हातारा मला ठावं हाय, ह्याच्या आधीचा कुठं गेला?

आधीचा कुठे गेला, याचं एक उत्तर घरात साठ वर्षं पडून होतं, पण ते कुणी फारसं बाहेर काढत नसे. तरुणपणी आण्णा खराडीहून बैलगाडीने माती न्यायचे ती कर्वेनगरकडे, शिल्पकार यशवंतराव ओतारी यांच्या घरी. मूर्तीला लागते तशी चिकण माती नदीकाठी मिळायची. एकदा सुगीच्या तोंडावर आण्णा जवळजवळ महिनाभर उशिरा घरी येऊ लागले आणि शेवटी पारावर बसून सांगते झाले, की साहेबांनी माझा पुतळा केलाय. गावाने पोट धरून हसून घेतलं. पुढे जन्मभर लोक त्यांना विचारत राहिले, की भैरू, पुतळा कुठाय रं तुझा? आण्णा चिडत नसत. "हाय की जाग्यावर," एवढंच म्हणून हसायचे.

ज्ञानदेवरावांना मात्र या गोष्टीची शाळेपासून लाज वाटे. पण आता ओतारींच्या त्याच घराचं संग्रहालय झालं होतं, त्यांचं सामान, मूर्ती, साचे सगळं जागच्या जागी ठेवलं होतं, आणि आण्णा खरं बोलत असतील तर त्यांचा पंचविशीतला चेहरा तिथे कुठल्यातरी फळीवर असणार होता. आईच्या डोळ्यांत उजेड होता तोवर तो शोधायचा, एवढंच काम होतं.

त्यांनी रीतसर ई-मेल केला. उत्तर आलं, की स्वहस्ते लिहिलेला अर्ज पोस्टाने पाठवावा, कारण नमूद करावे. ज्ञानदेवराव खूश झाले, कारण समोरचा माणूस आपल्या जातकुळीचा आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी कारण लिहिलं, पितृदर्शन. अर्ज परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं, "हे देवस्थान नाही." मग त्यांनी सविस्तर लिहिलं, की माझे वडील कै. यशवंतरावांचे मॉडेल होते. माती न्यायचे ते त्यांनी गाळलं. मुख्य कारकुनाचा बाप मातीची गाडी हाकत होता हे स्वहस्ते लिहायला त्यांचा हात धजेना. तोही अर्ज परत आला. "मॉडेल असल्याचा पुरावा जोडावा. येथील नोंदीत या नावाचे कोणी मॉडेल नाहीत. स. ओतारी." पुरावा जोडावा हे दोन शब्द त्यांनी स्वतः आजवर काही हजार वेळा लिहिले असतील. ते उलट्या बाजूने वाचायला कसे लागतात हे त्यांना पहिल्यांदाच समजलं.

याच सुमारास सोसायटीला ही हकीकत कळली. कौशल्याबाईंनी, म्हणजे ज्ञानदेवरावांच्या बायकोने, ती लिफ्टमध्ये एकीला सांगितली होती, आणि ती लिफ्ट अकरा मजले चढायची. पहिल्या मजल्याने नगरसेवकाचं पत्र आणायला सांगितलं. सातव्याने माहितीच्या अधिकारात विचारायला सांगितलं. सोसायटीचे चेअरमन विश्वजीत हे आयटीतले, वय अडतीस, त्यांनी मतदार ओळखपत्राचा फोटो मोबाईलमध्ये घालून आण्णांना तरुण करून दाखवलं. "काका, डोन्ट वरी, हे बघा, ट्वेंटी-फाइव्ह इयर्सचे." मुक्ताबाईंनी मोबाईल नाकाला लावून पाहिला आणि विचारलं, की हा हिरो कोण. विश्वजीतना जरा लागलं. त्या भरात त्यांनी कबूल केलं, की संग्रहालयात आजींना माझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतून मी स्वतः घेऊन जाईन.

तेवढ्यात पेपरात चार ओळींची बातमी आली. डागडुजीसाठी ओतारी संग्रहालय दोन वर्षं बंद राहणार, सगळ्या मूर्ती गोदामात जाणार, येत्या रविवारी दहा ते साडेबारा ते शेवटचं उघडं असेल आणि त्या दिवशी अर्जाची गरज नाही. ज्ञानदेवरावांनी बातमी तीनदा वाचली. दोन वर्षांनी आई असली तरी तिचे डोळे नसणार होते.

रविवारी नऊला निघायचं ठरलं होतं. निघाले पावणेअकराला, कारण गाडीत चार्जिंग तेवीस टक्के होतं. सोसायटीचा चार्जिंग पॉइंट रात्री बंद ठेवावा अशी नोटीस लागली होती आणि त्या नोटिशीखाली चेअरमन म्हणून सही विश्वजीतचीच होती. वॉचमनने तिचं काटेकोर पालन केलं. तासभर लावून तेवीसचे एकतीस झाले. येण्याजाण्याला पुरेल, फक्त एसी लावायचा नाही, असं विश्वजीत म्हणाले. मे महिन्यात, काचा खाली करून, चौघं निघाले. मुक्ताबाईंच्या मांडीवर पितळी डबा होता. त्यात नैवेद्य आहे असं कौशल्याबाईंनी सांगितलं आणि ज्ञानदेवरावांनी पुढे विचारलं नाही.

येरवड्याच्या पुढे रस्ता खणला होता. तिथे अठरा मिनिटं गेली. मग कसलीतरी सायकल फेरी आडवी आली, तिला जाऊ देण्यात अकरा मिनिटं. विश्वजीत टक्के मोठ्याने वाचत होते आणि ज्ञानदेवराव घड्याळ. मागून कौशल्याबाई म्हणाल्या, की अहो, एकानं काय ते बोला, दोन दोन आकडे ऐकून आईंना घाम फुटलाय. मुक्ताबाईंना घाम उन्हाने फुटला होता. त्या डबा घट्ट धरून समोर बघत होत्या, आणि त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. नळ स्टॉपला सिग्नलवर बारा वाजले तेव्हा ज्ञानदेवरावांनी वेळ मोठ्याने वाचणं सोडून दिलं.

कर्वेनगरच्या आतल्या गल्लीत ते घर सापडायला आणखी सात मिनिटं लागली. साधं दगडी घर, मागे पत्र्याचं उंच छप्पर, आणि फाटकावर पाट्या. एका वेळी तीनच माणसे. पिशव्या बाहेर. वस्तूंना हात लावू नये. शेवटचा प्रवेश बारा वाजता. तीनच माणसे म्हटल्यावर विश्वजीत गाडीपाशी थांबले आणि समोरच्या बंगल्यात वायर टाकायची परवानगी मिळते का ते बघायला गेले. ती मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

दारात पंच्याहत्तरीच्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. यशवंतरावांच्या सूनबाई सत्यशीलाबाई, म्हणजेच लाल शाईतल्या स. ओतारी.

"बारा वाजून नऊ मिनिटं झाली आहेत," त्या म्हणाल्या. "पाटी मराठीत आहे."

खिडकी बंद झाल्यावर आलेल्या मुलांना ज्ञानदेवराव हेच म्हणायचे, आवाजसुद्धा याच पट्टीत ठेवून. ती मुलं मग काय करायची ते त्यांनी आठवून पाहिलं. ती निघून जायची. मुक्ताबाई मात्र निघून गेल्या नाहीत. वाद चाललाय हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्या पायरीवर टेकल्या आणि शांतपणे एकेक वहाण काढू लागल्या. दुसरी वहाण निघेपर्यंत सत्यशीलाबाई बघत राहिल्या आणि मग त्यांनी अर्धवट दार उघडलं, म्हणजे कुणी आत घेतलं असं म्हणू नये आणि माणूस तर आत यावा, इतकंच. डबा नैवेद्याचा असल्याने तो पिशवी होत नाही, असं कौशल्याबाईंनी आतमध्ये गेल्यावर ठरवलं.

उजव्या हाताच्या खोलीत डोकी होती. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरची पांढरी डोकी, एकेचाळीस. मानेखाली काही नाही. प्रत्येकाच्या मानेवर पेन्सिलीने नंबर घातलेला, नाव कुठेही नाही. घड्याळात बारा तेरा झाले होते. ज्ञानदेवरावांनी पहिल्या डोक्यापासून सुरुवात केली आणि चौथ्यापाशीच त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आण्णांचं तरुणपणीचं तोंड माहीतच नाही. ज्याला ओळखायचं त्यालाच आपण पाहिलेलं नाही, हे घरून निघताना कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईला ते माहीत होतं, पण आईला चार इंचांपलीकडचं दिसत नव्हतं. एकेचाळीस डोकी, प्रत्येकासमोर आईला धरून उभं करायचं, म्हणजे एकाला अर्धं मिनिटही मिळत नव्हतं.

बहुतेक डोकी टकली, जाड मानेची आणि समाधानी होती. दोन चष्मेवाले. एक बाई. सत्तावीस नंबरला कल्ले होते आणि आण्णांना कल्ले नव्हते, निदान ओळखपत्रावर तरी. मुक्ताबाई एकेका फळीशी डोळा नेत, थांबत, नाही म्हणून मान हलवत आणि पुढच्याकडे हात करत. सात डोक्यांनंतर त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. अकराव्यानंतर त्या भिंतीला टेकल्या. "ज्ञानू, तूच बघ रं बाबा. मला समदं पांढरं दिसाय लागलंय."

बारा बावीस. ज्ञानदेवरावांनी पुढची डोकी धावत पाहिली. मिशी असलेली, तिशी-चाळिशीतली, बिनफेट्याची, गावाकडची वाटावी अशी एकच होती. सतरा नंबर. रुंद जबडा, बसकं नाक. हे आण्णा नसतील असं त्यांना आतून वाटत होतं, आणि हे आण्णा आहेत असं सांगितलं तर आई आज रात्री शांत झोपेल हेही कळत होतं. तीस वर्षं खोटे दाखले पकडणाऱ्या माणसाने आपल्या खिडकीतला आवाज काढला आणि आईचा हात धरून तिला तिथे नेलं.

"आई, हे बघ. आण्णा."

मुक्ताबाईंनी डावा डोळा अगदी जवळ नेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत डोळा खाली आला, पुन्हा वर गेला.

"नाक असं नव्हतं."

"प्लास्टरमध्ये नाक थोडं फुगतं, आई."

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी सासऱ्यांना सहा वर्षं वाढलं होतं आणि त्यांचं नाक कसं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीही त्यांनी पितळी डब्याचं झाकण उघडलं. आत नैवेद्य नव्हताच, गुलछडीचा हार होता. मुक्ताबाईंनी कमरेच्या बटव्यातून कुंकवाची डबी काढली, करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि सतरा नंबरच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. हार त्या डोक्याला नीट बसेना, तो मानेभोवती दोनदा फिरवला. मग हात जोडून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. ज्ञानदेवरावांना वाटलं, आता फक्त कुणी यायला नको.

"हात लावू नये असं लिहिलं आहे," दारातून आवाज आला. "कुंकू लावू नये असं लिहायचं राहिलं, ही आमची चूक."

ज्ञानदेवराव खिशातला रुमाल काढून पुढे धावले. सत्यशीलाबाईंनी त्यांना जागीच थांबवलं. प्लास्टर कोरडं असतं, ते रंग पिऊन टाकतं, पुसलं तर कपाळभर पसरेल, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं त्या आवाज न चढवता सांगत होत्या, म्हणून ते जास्त लागत होतं. आणि मग त्या म्हणाल्या, "तुम्ही खराडीचे ना? मग या आबासाहेबांना ओळखत असाल. पण त्यांना ओवाळायला माणसं येतील असं वाटलं नव्हतं."

खराडीच्या शाळेच्या आवारात ज्यांचा ब्राँझचा पुतळा आहे ते आबासाहेब. त्यांनी गावाला शाळा दिली, आणि भैरूच्या शेताचा बांध तीन हात आत सरकवला. त्या बांधावरून दोन घरांत साठ वर्षं बोलणं नव्हतं. त्या पुतळ्यावरून जायची वेळ आली की मुक्ताबाई पदर ओढून मान फिरवायच्या, आणि शक्य तेव्हा नदीकडून लांबचा फेरा घालायच्या. फेट्याशिवाय आबासाहेबांना, पुतळ्यावरसुद्धा, कुणी पाहिलंच नव्हतं. शिल्पकाराने तेवढं पाहिलं होतं.

मुक्ताबाईंनी डोळे उघडले. हार हळूहळू उलगडून काढला आणि डब्यात ठेवला. मग मुलाकडे वळल्या. "ज्ञानू," एवढंच म्हणाल्या. ज्ञानदेवरावांना सत्तावन्नाव्या वर्षी रडू फुटायचं बाकी राहिलं.

त्यानंतर जे झालं ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी सत्यशीलाबाईंना सगळं सांगून टाकलं, क्रमाने नव्हे, जसं आलं तसं. आईचा डोळा, दिवाळीची मुदत, पारावरचं हसणं, मघाचं खोटं. "माझ्याकडे पुरावा नाही," ते म्हणाले.

"त्यांचं नाव काय म्हणालात?"

सत्यशीलाबाईंनी विचारलं मुक्ताबाईंना, आणि मुक्ताबाई मुलाकडे बघत राहिल्या. नाव शेवटी ज्ञानदेवरावांनीच सांगितलं. "भैरू. इथे माती आणायचे. खराडीहून, बैलगाडीने."

"मातीवाले भैरू?" सत्यशीलाबाईंचा आवाज पहिल्यांदा थोडा हलला. "मग अर्जात तसं लिहायचं होतंत. तुम्ही मॉडेल लिहिलंत. मी मॉडेलांच्या यादीत शोधत बसले."

त्यांनी कपाटातून कापडी बांधणीची एक वही काढली. यशवंतराव कामाची टिपणं त्यात ठेवत. सतरा नंबरचं पान काढून त्यांनी वाचलं. "डोके, आबासाहेब. बैठका दोन. त्यांना वेळ नाही. पोट फार. धड, हात, पाय, भैरू मातीवाला, खराडी. बैठका बावीस. उभा चांगला राहतो. हसतो फार. हसला की पोट हलते, काम थांबते."

मुक्ताबाईंनी नाव ऐकताच पदर डोक्यावरून पुढे ओढला. मोठ्या माणसांना दोन-तीन वेळाच बसणं जमायचं, सत्यशीलाबाई सांगत होत्या, म्हणून सासरे डोकं तेवढं त्यांचं घेत आणि अंगाला माती आणणारे, कोळसा टाकणारे उभे करत, आणि हे बाहेर बोलायचं नाही असं प्रत्येकाकडून कबूल करून घेत. दोन्ही जोडून ब्राँझचा पुतळा ओतला, की प्लास्टरचं डोकं या खोलीत यायचं आणि अंग मागच्या पडवीत जायचं. त्या बोलता बोलता घड्याळाकडे बघून थांबल्या. बारा पस्तीस झाले होते. ज्ञानदेवरावांनी खाली मान घातली. सत्यशीलाबाई बाहेर गेल्या, फाटकाला आतून कडी घातली, परत आल्या आणि मुक्ताबाईंना हाताला धरून म्हणाल्या, "चला. आता बंद झालंय, कुणी येणार नाही."

मागच्या पडवीत उंच पत्र्याखाली पांढरी अंगं उभी होती. धोतराच्या निऱ्या, कोटाची बटणं, काठी धरलेले हात, आणि एकालाही डोकं नाही. सतरा नंबरचं कोपऱ्यात होतं. ज्ञानदेवराव आईच्या तोंडाकडे बघायला धजेनात. एवढं करून तिला जे हवं होतं तेच इथे नव्हतं.

"तोंड न्हाय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नाही हो," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मुक्ताबाई खाली बसल्या. पुतळ्याच्या पायात वहाणा होत्या आणि वहाणांतून बोटं दिसत होती. त्यांनी डोळा डाव्या पायाशी नेला आणि हात पुढे केला. हात लावू नये ही पाटी सत्यशीलाबाईंच्या अगदी मागे होती. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. त्या करंगळीवरून मुक्ताबाईंचं बोट एकदा गेलं, दोनदा गेलं, आणि त्यांना हसू आलं.

"बैलानं पाय दिला व्हता. लगीन झालं त्याच सालाला," त्या म्हणाल्या. "तोंड मी तरी कुठं बघितलं व्हतं, ज्ञानू? सासू-सासऱ्याम्होरं मान वर कराय मिळत न्हवती. चार-पाच वर्सं पायच बघितलं. पायावरनंच कळायचं, आज दमल्यात का रागावल्यात. मी येडी, तोंड तोंड करत बसले."

ज्ञानदेवराव त्या करंगळीकडे बघत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. ती करंगळी त्यांनी आण्णांच्या पायाला रोज पाहिली होती, आणि शाळेच्या पुतळ्यालाही रोज पाहिली होती, कारण चौथऱ्याशी उभं राहिलं की पोरांच्या डोळ्यांसमोर बरोबर पुतळ्याचे पाय येत. सह्या ताडून बघण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यात या दोन करंगळ्यांची कधी गाठ पडली नव्हती. पाचवीत असताना, आण्णांना बरं वाटावं म्हणून त्यांनी आबासाहेबांच्या त्या पायांना शेण फासलं होतं आणि घरी येऊन अभिमानाने सांगितलं होतं. आण्णांनी जन्मात एकदाच त्यांच्यावर हात उगारला, तो त्या दिवशी. वैऱ्याच्या पुतळ्यासाठी बापाने आपल्याला का मारलं, हे कोडं ते सत्तेचाळीस वर्षं घेऊन फिरत होते. त्यांनी ते तिथे आईला सांगितलं. मुक्ताबाई हसता हसता म्हणाल्या, की त्या सांजेला त्येंनी मोरीत बसून उगाच लई येळ पाय घासलं व्हतं.

निघताना ज्ञानदेवरावांनी कपाळावरच्या टिळ्याबद्दल माफी मागितली. सत्यशीलाबाईंनी वहीच्या सतराव्या पानावर तारीख घालून लाल शाईत नोंद केली, की डोक्यास कुंकू, भैरू यांच्या पत्नीकडून. ती त्यांनी ज्ञानदेवरावांना दाखवली आणि हा पुरावा पुढच्या अर्जाला जोडता येईल असं सांगितलं.

गाडीत चौदा टक्के होतं. खराडीला पोचेपर्यंत चार राहिले आणि विश्वजीतचा आवाज गेला होता. घर दोन चौकांवर आलं तेव्हा मुक्ताबाईंनी गाडी शाळेशी उभी करायला सांगितली. फाटकावर रतन म्हणून पहारेकरी होता. त्याने रविवारी आत सोडत नाहीत आणि पुतळ्याला हार घालायचा तर संस्थेला अर्ज द्यावा लागतो, असं सांगितलं. ज्ञानदेवरावांनी आईच्या हातातला डबा घेतला.

"अर्ज न्हाय," ते म्हणाले. घरात टाकून दिलेली गावची बोली कधी तोंडात आली ते त्यांना कळलं नाही. "आमचा माणूस हाय आत."

रतनने काय समजून फाटक उघडलं कोण जाणे. मुक्ताबाई चौथऱ्यापर्यंत गेल्या. या वेळी त्यांनी मान फिरवली नाही. पदर मात्र भुवयांपर्यंत ओढून घेतला, म्हणजे वरचं काही दिसणार नाही आणि खालचं तेवढं दिसेल. उन्हाने हार जरा कोमेजला होता. त्यांनी तो दोन्ही पायांवरून नीट पसरला. मागून रतन म्हणाला, की आजी, हार गळ्यात घालत्यात, थांबा, शिडी आणतो.

"नगं," मुक्ताबाई म्हणाल्या. "डोकं त्यांचं हाय, त्यांच्या लोकांनी बघावं. खालचं समदं आमचं हाय."

कबुतरांनी पायांची रया घालवली होती. ज्ञानदेवरावांनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि डाव्या पायाची करंगळी पुसायला घेतली.